सात हजार, एकाहत्तर हजार, बत्तीस हजार: होयर्सवेर्डा शहराच्या लोकसंख्येचे प्रकरण

पार्श्वभूमी

जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी राज्यातल्या लाउझित्स भागात होयर्सवेर्डा हे छोटे शहर आहे. सॉर्ब या स्लाव्ह भाषिक अल्पसंख्य समाजाचा हा मुलूख. त्यांच्या भाषेत शहराचे नाव वोयेरेत्सी. कागदोपत्री पहिला उल्लेख 1268 चा, शहराचे हक्क मिळाले 1423 मध्ये. त्यानंतरची पाच शतके लोकसंख्येच्या आलेखावर जवळजवळ सपाट रेषा दिसते. त्याचे कारण जमिनीत आहे: वाळूमिश्रित माती, पाइनची जंगले, मधूनमधून दलदल. जेवढे पिकायचे तेवढीच तोंडे भरायची. 1635 मध्ये हा प्रदेश सॅक्सनीकडे गेला, 1815 मध्ये व्हिएन्ना काँग्रेसनंतर प्रशियाकडे. राज्ये बदलली, तरी गाव तेवढेच राहिले. 1874 मध्ये रेल्वे आली तेव्हा थोडी वाढ झाली. दुसरे महायुद्ध सुरू होताना इथे सुमारे 7,000 माणसे होती.

1945 च्या वसंतात लढाईत गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तरीही 1950 ची लोकसंख्या 1939 च्या आसपासच भरते. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'काही बदलले नाही' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. मधल्या काळात युद्धात माणसे गेली होती, आणि ओडर–नाइसे या पूर्व सीमेवरच्या नद्यांच्या पलीकडून हुसकावलेले जर्मन निर्वासित या भागात आले होते. बेरीज तीच राहिली, तरी बेरजेतली माणसे बदललेली होती. पुढच्या सगळ्या प्रकरणात हाच धडा पुन्हा पुन्हा समोर येतो.

31 ऑगस्ट 1955 रोजी उत्तरेला थोड्या अंतरावर 'श्वार्झे पुम्पे' या अवाढव्य लिग्नाइट संकुलाची पायाभरणी झाली. लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा. पूर्व जर्मनीकडे दगडी कोळसा नगण्य आणि तेल नव्हतेच. वीज, विटकोळसा (दाबून विटा केलेला कोळसा) आणि शहरांना पुरवायचा गॅस, सगळे यातूनच काढायचे होते. कामगारांसाठी होयर्सवेर्डाच्या जुन्या गावासमोर, श्वार्झे एल्स्टर नदीच्या पलीकडच्या तीरावर, 1957 पासून नवे शहर उभे राहू लागले. शेजारच्या ग्रोस त्साइसिग इथे काँक्रीटचे तयार पॅनेल ओतण्याचा कारखाना उभारला गेला. तिथून पॅनेल यायचे आणि क्रेनने एकावर एक चढवायचे. संपूर्ण शहर कारखान्यात बनवलेल्या भागांतून बांधण्याचा पूर्व जर्मनीतला हा सुरुवातीचा मोठा प्रयोग. 'वोनकोम्प्लेक्स' म्हणजे निवासी संकुल, अशा एक ते दहा क्रमांकांच्या वसाहती झाल्या. प्रत्येकीत शाळा, बालवाडी आणि दुकाने होती.

1981 मध्ये लोकसंख्या 71,000 च्या वर गेली. म्हणजे 26 वर्षांत नऊपटींहून जास्त.

अडचण

नोकरीबरोबर घर मिळत होते, म्हणून आले ते जवळजवळ सगळे एकाच वयाचे: वीस ते तिशीतले, नुकते लग्न झालेले किंवा होऊ घातलेले. एके काळी पूर्व जर्मनीतल्या सर्वांत तरुण शहरांत याची गणना होई. साधारण शहरात दरवर्षी थोडे जन्म, थोडे मृत्यू, थोडे येणारे, थोडे जाणारे असतात. इथे एक संपूर्ण पिढी एकदम आली, तिची मुले एकदम झाली आणि ती म्हातारीही एकदम होणार होती. 1990 नंतर घसरण का झाली असे विचारले की सगळे कोळशाकडे बोट दाखवतात. ते खरे आहे, पण अर्धेच. कोळसा चालू राहिला असता तरी हे शहर एका झटक्यात वृद्ध झालेच असते.

1990 मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले आणि कोळशाची बाजारपेठ कोसळली. 1989 मध्ये लाउझित्सच्या खाणींतून सुमारे 19.5 कोटी टन लिग्नाइट निघाला होता. दहा वर्षांनी तो 5 कोटी टनांच्या आसपास आला. शहरगॅसची जागा नैसर्गिक वायूने घेतली. विटकोळशावर चालणाऱ्या शेगड्या घराघरांतून गेल्या. खाणकामातल्या बहुतेक नोकऱ्या काही वर्षांत संपल्या.

त्याच वेळी जन्मही थांबले. पूर्व जर्मनीत दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण 1990 मध्ये 1.5 च्या आसपास होते, ते 1994 मध्ये 0.77 वर आले. शांततेच्या काळात इतका खाली गेलेला आकडा क्वचितच कुठे सापडेल. शिवाय पश्चिमेकडे गेलेल्या तरुणांत मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. त्यामुळे मागे राहिलेल्या तरुणांची संख्या घटलीच, आणि पुढच्या पिढीच्या आयाही कमी झाल्या.

होयर्सवेर्डाचे आकडे असे: 1990 मध्ये सुमारे 65,000, 2000 मध्ये सुमारे 50,000, 2010 मध्ये सुमारे 37,000. यात एक फसगत आहे. 1990 च्या दशकात ब्रोथेन–मिखाल्केन, त्साइसिग, श्वार्त्सकोल्म, क्नापेनरोडे आणि ड्योर्गेनहाउझेन ही भोवतालची गावे शहराला जोडली गेली. त्यांची काही हजार माणसे 2000 च्या आकड्यात आहेत, 1990 च्या नाहीत. जुन्या हद्दीत मोजले तर घट याहून मोठी निघते. कोणत्याही शहराची दोन सालांची तुलना करण्याआधी हद्द कुठे होती ते पाहावे, नाहीतर आलेख खोटे बोलतो.

माणसे आणि घरे यांचा हिशेब

लोकसंख्या निम्मी झाली म्हणून निम्मी घरे रिकामी होतात, असे होत नाही. इथेच बहुतेक नियोजन चुकते. 25 कुटुंबे धरा, प्रत्येकी आईवडील आणि दोन मुले: 100 माणसे, 25 घरे. मुले मोठी होऊन निघून गेली: 50 माणसे, घरे तरीही 25. जोडीदारांपैकी एक गेला: 25 माणसे, 25 घरे. म्हणजे लोकसंख्या चतुर्थांश झाली तरी एकही घर रिकामे पडलेले नाही. मग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळी घरे जवळजवळ एकाच वेळी रिकामी होतात.

होयर्सवेर्डात दोन लाटा एकमेकींवर आल्या. पहिली 1990 च्या दशकात, संपूर्ण कुटुंबे घर सोडून गेली ती. दुसरी सावकाश, वयाची. पहिली लाट सर्वांना दिसत होती. दुसरी भाडेवसुलीच्या वहीत दिसतच नाही, कारण एकटी आजी भाडे वेळेवर भरत असते.

रिकाम्या घरांचा बोजा रोजच्या व्यवहारात पडत होता. मधला मजला बंद पडला की त्याच्या वरच्या-खालच्या घरांना जास्त तापवावे लागते; हिवाळ्यात रिकाम्या घरातले नळ गोठून फुटतात; जिना, छप्पर, कचरा यांचा ठरलेला खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर येतो. 70,000 माणसांसाठी टाकलेल्या जलवाहिन्यांत पाणी साचून राहू लागते, त्याचा दर्जा बिघडतो, म्हणून नळ्या मुद्दाम धुऊन काढाव्या लागतात. गटारांत प्रवाह कमी पडतो, गाळ बसतो, दुर्गंधी सुटते आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे काँक्रीट खाल्ले जाते. पाणी आणि सांडपाण्याच्या खर्चातला बहुतांश भाग स्थिर असतो. ग्राहक निम्मे झाले तरी खर्च निम्मा होत नाही, दरडोई बिल चढते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय थांबून पाहण्याचा होता. 1990 च्या दशकाचा बराच काळ प्रत्यक्षात हेच झाले. 'तात्पुरती घसरण आहे, उद्योग येतील' हा समज प्रशासनात आणि लोकांत घट्ट होता, आणि समजण्यासारखाही होता. आपले शहर लहान होणार हे मान्य करणे राजकीयदृष्ट्या कोणालाच परवडत नव्हते.

दुसरा पर्याय घरे दुरुस्त करून विकण्याचा. 1993 च्या जुन्या कर्जांविषयीच्या कायद्याने घरमालक संस्थांवरचे पूर्व जर्मन काळातले कर्ज दर चौरस मीटरला 150 मार्कपर्यंत (मार्क हे युरोआधीचे जर्मन चलन) मर्यादित केले, पण अट घातली: 15 टक्के घरे खासगी मालकीत द्या. घटत्या शहरात पॅनेलच्या इमारतीतले घर विकत घेणार कोण? शिवाय इमारतीत दोन-चार घरे विकली गेली की ती पुढे पाडायची झाल्यास प्रत्येक मालकाशी वेगळी बोलणी करावी लागतात.

तिसरा, जिथे घरे रिकामी तिथे पाडण्याचा. सर्वांत सोपा, कारण भाडेकरूंना हलवण्याचा त्रास कमी. पण शहर जाळीसारखे भोकाभोकांचे होते, आणि नळ, तापवाहिन्या (घरे उबदार ठेवणाऱ्या सामाईक नळ्या), रस्ते, दिवे सगळे तेवढेच राखावे लागतात.

चौथा, कडेकडून आत येत पाडण्याचा. वाहिन्यांच्या टोकांपासून कापत यायचे, म्हणजे जाळे खरोखर लहान होते. किंमत एकच: कडेच्या भागातल्या, भाडे नीट भरणाऱ्या, घरावर जीव असलेल्या माणसांना उठवावे लागते.

पाचवा, वरचे मजले उतरवून उरलेली इमारत सुधारण्याचा. थुरिंजियातल्या लाइनेफेल्डे या गावाने हा मार्ग घेतला आणि नाव कमावले. दिसायला सुंदर, पण दर चौरस मीटरचा खर्च सरसकट पाडण्याच्या कितीतरी पट. हे परवडते ते पुढची तीस वर्षे तिथे कोणी राहणार याची खात्री असेल तरच.

1991 मधला निर्णय

लोकसंख्येच्या इतिहासात हा प्रसंग तळटीप म्हणून टाकण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही. सप्टेंबर 1991 मध्ये मोझांबिक आणि व्हिएतनामहून कंत्राटावर आलेल्या कामगारांच्या वसतिगृहावर, मग आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांच्या इमारतीवर जमावाने सलग काही दिवस हल्ले केले. शेजारी उभे राहून टाळ्या वाजवणारेही होते. अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांना हटवण्याऐवजी हल्ला झालेल्यांनाच बसमध्ये बसवून शहराबाहेर नेले.

ज्या शहराला पुढची तीस वर्षे नव्या माणसांची गरज पडणार होती, त्याने त्या आठवड्यात जगाला काय सांगितले याचा विचार करावा. पुढे जर्मनीत 'होयर्सवेर्डा' हा शब्द शहराचे नाव म्हणून कमी आणि या घटनेचे नाव म्हणून जास्त वापरला गेला. माणसांना संरक्षण देऊन तिथेच ठेवणे शक्य होते. पोलीसबळ कमी होते हे कारण दिले गेले, पण बळ वाढवणे हा राज्याच्या हातातला निर्णय होता. कामगार, डॉक्टर, विद्यार्थी यांना बोलावण्याच्या पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला या आठवड्याची सावली होती.

प्रत्यक्ष कृती

2000 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने पूर्व जर्मनीत सुमारे 10 लाख घरे रिकामी असल्याचे सांगितले आणि दहा वर्षांत 3 ते 4 लाख पाडण्याची शिफारस केली. 2002 पासून 'श्टाटउमबाउ ओस्ट' म्हणजे पूर्वेकडील शहरांच्या पुनर्रचनेचा कार्यक्रम सुरू झाला. पैसे हवे असतील तर आधी संपूर्ण शहराचा विकास आराखडा सादर करायचा. कोणते भाग ठेवायचे आणि कोणते सोडायचे ते नकाशावर रंगवून. होयर्सवेर्डाने चौथा पर्याय मुख्य धरला: बाहेरून आत. सर्वांत शेवटी, 1980 च्या दशकात उभी राहिलेली कडेची संकुले आधी गेली. आत मधूनमधून काही इमारतीही पाडल्या गेल्या, त्यामुळे तिसऱ्या पर्यायाचीही थोडी भेसळ झाली.

पैशाचे गणित उदाहरणाने सांगता येते. 50 घरांचा ब्लॉक, प्रत्येक घर 57 चौरस मीटर: एकूण 2,850 चौरस मीटर. पाडण्यासाठी दर चौरस मीटरला साधारण 60 युरो धरले तर 1,71,000 युरो. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे, पालिकेचा वाटा शून्य. ज्या संस्थांची 15 टक्क्यांहून अधिक घरे रिकामी होती त्यांना पाडलेल्या क्षेत्रावर दर चौरस मीटरला 77 युरोपर्यंत जुन्या कर्जाची माफी: 2,850 चौरस मीटरवर 2,19,450 युरो. हा 77 चा आकडा म्हणजे 1993 चे तेच 150 मार्क, युरोत बदललेले. कर्जमाफी नसती तर इमारत गेली तरी कर्ज राहिले असते, भाडे मात्र बंद. बहुतेक संस्थांनी मग पाडायला हातच लावला नसता.

उलट, सुधारणेच्या कामांत, म्हणजे चौक, उद्याने, उरलेल्या भागाची डागडुजी यांत, पालिकेने एकतृतीयांश वाटा घालायचा होता. पालिकेला मिळणारे राज्याचे अनुदान डोकी मोजून ठरते, आणि डोकी तर कमी होत होती. म्हणून गरीब पालिकांना पाडणे फुकट आणि सुधारणे महाग पडले. कार्यक्रमाच्या रचनेतला हा सर्वांत मोठा दोष होता.

दुसरी गाठ दोन मोठ्या घरमालकांमध्ये होती: एक पालिकेची कंपनी, एक सहकारी संस्था. दोघांच्या इमारती एकमेकींत मिसळलेल्या. जो आधी पाडेल त्याचे भाडेकरू दुसऱ्याच्या रिकाम्या घरांत जाणार. म्हणून दोघेही थांबून राहण्याकडे झुकतात. यावर उपाय एकच असतो: कोणी किती घरे कोणत्या वर्षी पाडायची याचा लेखी करार, आणि त्यात पालिका तिसरा पक्ष.

एक ब्लॉक पाडण्याचा क्रम साधारण असा. दीड-दोन वर्षे आधी त्या इमारतीत नवे भाडेकरार बंद करायचे. मग प्रत्येक भाडेकरूकडे जाऊन पर्यायी घर दाखवायचे. सामान हलवण्याचा खर्च मालकाचा. वृद्धांच्या बाबतीत एकेकट्याला उचलण्यापेक्षा एका जिन्यावरचे शेजारी एकत्र नव्या जिन्यावर नेले तर नकार कमी येतात. तरीही शेवटचा एक भाडेकरू अडून राहू शकतो. 3 ऑक्टोबर 1990 पूर्वीचे करार असलेल्यांना 'इमारत आता किफायतशीर नाही' या कारणाने काढता येत नव्हते. ही तरतूद मे 2004 मध्ये रद्द झाली. तोवर एका माणसासाठी संपूर्ण ब्लॉक तापवत ठेवण्याची वेळ अनेक शहरांवर आली.

इमारत रिकामी झाली की वाहिन्या तोडण्याआधी तळघराचे नकाशे तपासायचे. पूर्व जर्मन वसाहतींत तापवाहिनी अनेकदा एका ब्लॉकच्या तळघरातून पुढच्या ब्लॉककडे जाते. मधला पाडला की पुढचे थंड पडतात. म्हणून आधी जमिनीखालून वळणवाहिनी टाकावी लागते, आणि हा खर्च 60 युरोंच्या हिशेबात सहसा धरलेला नसतो. पॅनेलच्या सांध्यांत 'मोरिनोल' नावाची ॲस्बेस्टॉसयुक्त लांबी भरलेली असू शकते. ती आधी वेगळी काढायची, नाहीतर संपूर्ण ढिगारा घातक कचरा ठरतो. त्यानंतर लांब हाताचे यंत्र वरून खाली चावत येते. शेजारी राहती इमारत चिकटून असेल तर क्रेन लावून पॅनेल उलट्या क्रमाने उतरवावे लागतात. काँक्रीट भरडून रस्त्याच्या भरावात जाते, सळया भंगारात. तळघराची भिंत काढायची की गाडायची हे निविदेतच लिहावे. गाडलेली भिंत दहा वर्षांनी झाड लावताना सापडते.

परिणाम

नव्या शहरातली हजारो घरे गेली. रिकाम्या घरांचे प्रमाण आटोक्यात आले आणि दोन्ही मालक संस्था बुडाल्या नाहीत. हे मोठे यश मानावे लागेल. घसरणीचा वेगही मंदावला: 2000 ते 2010 दरम्यान वर्षाला सरासरी 1,300 माणसे कमी होत होती, त्यापुढच्या दशकात साधारण 500. 2020 च्या सुमारास लोकसंख्या 32,000 च्या आसपास होती. सरासरी वय 50 च्या पुढे गेले. सर्वांत तरुण शहरांतले एक आता देशातल्या सर्वांत वृद्ध शहरांत मोडते. 1996 पासून स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा होता, तो 2008 मध्ये गेला आणि शहर बाउत्सेन जिल्ह्यात आले.

जिथे ब्लॉक होते तिथे आज गवत आणि पाइनची रोपे आहेत. रस्त्यांचे तुकडे आणि काही ठिकाणी दिव्यांचे खांब अजून उभे आहेत, कारण पाडण्याचा पैसा इमारतींसाठी होता, रस्त्यांसाठी नाही. बाहेर, जुन्या खाणी पाण्याने भरून तळी झाली आहेत.

काय वेगळे करता आले असते

1990 च्या दशकात काही ब्लॉकना नवे दर्शनी भाग आणि खिडक्या बसल्या आणि पुढे तेच पाडले गेले, हा अनुभव पूर्व जर्मनीत अनेक शहरांना आला. दुरुस्ती आतल्या भागांपुरती ठेवली असती तरी मोठा पैसा वाचला असता. त्यासाठी अंदाज अचूक असण्याची गरज नव्हती, आत कुठले आणि बाहेर कुठले एवढे ठरवणे पुरेसे होते.

शाळांबाबत आगाऊ माहिती हातात होती. 1994 मध्ये जन्मलेले मूल 2000–01 मध्ये शाळेत येते, 2010 च्या सुमारास उमेदवारीला लागते आणि 2020 च्या पुढेमागे पालक होते. प्रत्येक टप्प्यावर तीच खोच आलेखात परत उमटते. तरीही शाळा बंद होण्याची चर्चा वर्ग रिकामे दिसल्यावर झाली, त्यामुळे इमारतींना दुसरे काम शोधायला वेळ मिळाला नाही.

आणि दुसरी लाट अजून संपलेली नाही. 1957 ते 1970 दरम्यान तरुण म्हणून आलेल्यांची शेवटची घरे आता रिकामी होत आहेत, तीही आतल्या, ठेवायच्या ठरवलेल्या संकुलांत. कायद्याने कोळशावरची वीज 2038 पर्यंत बंद व्हायची आहे. त्यामुळे पुढचा आराखडा करणाऱ्यांना शहराच्या एकूण लोकसंख्येचा अंदाज फारसा कामाचा नाही. त्यांना जिन्यानुसार यादी हवी: प्रत्येक जिन्यावर किती घरे, त्यांत एकट्याने राहणारे किती, सर्वांत वयस्कर कोण, लिफ्ट आहे का, आणि खालून जाणारी वाहिनी पुढे कोणाला पाणी देते.